रेडिओग्राफी शिकताना रिपीटची वही ठेवा

माझ्या हातून वाया गेलेला पहिला एक्स-रे कोपराचा होता. दहा वर्षांचा मुलगा, खेळताना पडलेला, दुखरा हात पोटाशी धरून बसलेला. कोपराच्या लॅटरलबद्दल, म्हणजे बाजूने घ्यायच्या चित्राबद्दल, पुस्तकात लिहिलेलं मला तोंडपाठ होतं: कोपर ९० अंशांत वाकवायचं, अंगठा वर, सेंटरिंग (किरणांचा मध्य) सांध्यावर. मी अगदी तसंच केलं. चित्र आलं तर दंडाच्या हाडाची खालची दोन टोकं एकमेकांवर बसायच्या ऐवजी सरकलेली. सिनिअर मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "खांदा कुठे होता?"

मला आठवेना. मी खांद्याकडे पाहिलंच नव्हतं. मूल उंच स्टुलावर आणि टेबल खाली, त्यामुळे खांदा कोपरापेक्षा बराच वर राहिला आणि दंड टेबलावर आडवा पडण्याऐवजी उतरता आला. खांदा, कोपर आणि मनगट एका पातळीत आल्याशिवाय लॅटरल हा लॅटरल होत नाही. स्टूल बदललं, दुसरं एक्स्पोजर दिलं, म्हणजे पुन्हा किरण सोडले. या वेळी दंडाच्या हाडामागे एक काळसर पट्टा दिसला. ती चरबीची मागची गादी. निरोगी कोपरात ती हाडाच्या खळग्यात दडलेली असते. सांध्यात रक्त किंवा पाणी साचलं की बाहेर ढकलली जाते. पडल्यानंतर ती दिसली तर हाडावर रेष सापडली नाही तरी फ्रॅक्चरचा संशय घ्यायचा. पहिल्या चित्रावरून हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या रात्री एका वहीत लिहिलं: "कोपर, लॅटरल. खांदा वर राहिला. आधी स्टूल बघणे." पुढे पदवीची सगळी वर्षं ती वही चालू राहिली. आता माझ्या हाताखाली विद्यार्थी येतात तेव्हा मी त्यांना पहिल्याच दिवशी कोरी वही आणायला सांगते. बाकी पुस्तकं कोणती घ्यायची ते कॉलेज सांगतंच.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक रिपीटला, म्हणजे बिघडल्यामुळे पुन्हा काढाव्या लागलेल्या चित्राला, एक ओळ. अवयव, व्ह्यू, चित्रात काय बिघडलं, ते का बिघडलं, आणि त्यासाठी रात्री काय वाचायचं. पेशंटचं नाव, नंबर, वय काहीही लिहायचं नाही, मोबाइलवर पडद्याचा फोटो तर मुळीच काढायचा नाही. वही हरवली तरी कुणाचं काही उघडं पडता कामा नये, इतकी ती कोरडी असू द्या.

"का बिघडलं" हा रकाना सगळ्यात अवघड. विद्यार्थी तिथे "पोझिशनिंग चुकलं" असं लिहून मोकळे होतात. ते कारण झालं नाही. छातीचा पीए (किरण पाठीकडून छातीकडे) फिरलेला आला, म्हणजे कॉलरबोनची आतली दोन टोकं मधल्या मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर नाहीत. का नाहीत? पेशंटने एका पायावर भार टाकला होता? एक खांदा स्टँडला टेकला आणि दुसरा सुटला? की त्याने हनुवटी वळवून तुमच्याकडे पाहिलं, कारण तुम्ही बाजूने सूचना देत होतात? माझ्या वहीत हे शेवटचं कारण पाच वेळा आहे. सूचना देऊन झाल्यावर "आता समोर बघा" म्हणायचं मी विसरत असे. हे कळायला मला तीन महिने लागले, आणि कळलं ते वही चाळताना.

तीन महिन्यांनी मी नोंदी मोजल्या. निम्म्याहून जास्त पोझिशनिंगच्या. काही हालचालीच्या, काही कोलिमेशन (किरणांची चौकट) इतकं आवळल्याच्या की फुप्फुसाचा कोपरा कापला गेला. एक्स्पोजर चुकल्याच्या नोंदी मात्र अगदी मोजक्या. आणि मी रात्री अभ्यास कशाचा करत होते? एक्स्पोजरच्या गणितांचा, कारण परीक्षेत त्याचे प्रश्न येतात. तेव्हापासून निम्मा वेळ अ‍ॅनाटॉमीला दिला, तोही पुस्तकातल्या रंगीत चित्रांवर नव्हे. स्वतःच्या अंगावर हाडं शोधायला लागले. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीला येतं, कमरेच्या हाडाची वरची कड साधारण कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या पातळीला. डोळे मिटून बोटाने ते सापडेपर्यंत रोज. मैत्रिणींवरही सराव केला, त्यांना टेबलावर झोपवून, लाइट लावून, मार्कर ठेवून. फक्त एक्स्पोजर नाही. सरावासाठी एकमेकांवर एक्स-रे मारणं ही गंमत नव्हे. कारणाशिवाय एकही एक्स्पोजर द्यायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम आहे.

वहीला न दिसणारी चूक

एक्स्पोजरच्या नोंदी कमी म्हणून मी खूश होते. ती खुशी खोटी होती.

फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळीकुट्ट यायची आणि चूक लगेच चव्हाट्यावर यायची. फिल्मच्या जागी आलेला डिजिटल डिटेक्टर तसा चहाडखोर नाही. एक्स्पोजर कमी पडलं तर चित्र दाणेदार येतं, ते दिसतं. जास्त झालं तर मात्र संगणक उजळपणा जागेवर आणतो आणि चित्र उलट जास्तच सुरेख दिसतं. म्हणून प्रत्येक जण नकळत आकडा थोडा थोडा वर नेतो, कारण दाणेदार चित्रावर बोलणी बसतात, सुरेख चित्रावर कुणीच बोलत नाही. भुर्दंड पेशंटच्या अंगावर. याला डोस क्रीप म्हणतात. रिपीटच्या वहीत तो कधीच येत नाही, कारण अशी चित्रं कुणी रिपीट करतच नाही.

तेव्हा वहीच्या मागच्या बाजूने दुसरी यादी सुरू केली: चांगल्या आलेल्या चित्रांचा डेव्हिएशन इंडेक्स. हा आकडा शून्य असेल तर डिटेक्टरवर ठरल्याइतकं एक्स्पोजर पोचलं. अधिक ३ म्हणजे साधारण दुप्पट, उणे ३ म्हणजे साधारण निम्मं. लॉगरिदमचं गणित आहे, पण एवढे दोन टप्पे पाठ असले की पडद्याकडे बघून पटकन अंदाज येतो. २००८ मध्ये याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्याआधीच्या काही यंत्रांवर आकडा उलटा चालतो, म्हणजे तो वाढला की एक्स्पोजर कमी. त्यामुळे नव्या खोलीत गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: इथला आकडा कुठल्या दिशेने वाढतो आणि किती असायला हवा? एक मात्र ध्यानात ठेवा, कोलिमेशन वेडंवाकडं असेल किंवा अंगात धातूचं इम्प्लांट असेल तर हा आकडाही फसवतो.

माझ्या यादीत गुडघे सरळ दुप्पट निघाले. मी ते ग्रिडसाठी, म्हणजे विखुरलेले किरण अडवणाऱ्या जाळीसाठी, ठरवलेल्या जास्त एक्स्पोजरवर ग्रिडशिवाय काढत होते, महिनाभर, आणि चित्रांचं कौतुकही होत होतं.

फिजिक्स टॉर्चने शिका

फिजिक्सला घाबरणाऱ्यांपैकी मीही होते. उपाय साधा निघाला: अंधारी खोली, मोबाइलचा टॉर्च आणि भिंत. टॉर्च भिंतीपासून १०० सेंटिमीटरवर धरा आणि मूठ भिंतीपासून २० सेंटिमीटरवर. सावली मुठीच्या सव्वापट येते, कारण १०० भागिले ८०. आता टॉर्च १८० सेंटिमीटरवर न्या, मूठ तिथेच ठेवा. १८० भागिले १६०, म्हणजे सावली जेमतेम आठवा हिस्सा मोठी. मुठीच्या जागी हृदय ठेवा. छातीचा एक्स-रे १८० सेंटिमीटरवरून का घेतात आणि पेशंटची छाती डिटेक्टरकडे का असते, दोन्ही उत्तरं याच सावलीत आहेत: हृदय पुढच्या बाजूला आहे, ते डिटेक्टरच्या जवळ हवं. वॉर्डात पडून राहिलेल्या पेशंटचा पोर्टेबल एपी (किरण छातीकडून पाठीकडे) घेतला की अंतर कमी आणि हृदय लांब, म्हणून ते फुगलेलं दिसतं. त्यावरून कुणी "हार्ट एन्लार्ज्ड" म्हणायला लागलं तर तुम्हाला सावली आठवेल.

मग टॉर्चऐवजी मोठा दिवा घ्या. सावलीची कड धूसर होते. ट्यूबमध्ये फोकल स्पॉट, म्हणजे किरण जिथून निघतात तो ठिपका, मोठा निवडला की हाडाच्या बारीक रेषांचं हेच होतं. बोटांसाठी लहान फोकल स्पॉट, कमरेसाठी मोठा. कारण कमरेला जास्त एक्स्पोजर लागतं आणि लहान ठिपक्यावर तेवढी उष्णता झेपत नाही. ट्यूबमध्ये जाणाऱ्या ऊर्जेतली साधारण ९९ टक्के उष्णताच होते, एक्स-रे बनतात उरलेल्या एका टक्क्यातून. अ‍ॅनोड (किरण जिथे तयार होतात ती चकती) फिरता का ठेवला, हा तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न या एका वाक्याने सुटतो.

अंतर वाढलं की तीव्रता वर्गाने घटते. १०० वरून १८० वर गेलात तर १.८ चा वर्ग ३.२४, म्हणून एमएएस (किरणांचं प्रमाण) सव्वातीन पट. केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) १५ टक्के वाढवला की एमएएस निम्मा करून डिटेक्टरवर जवळपास तेवढंच एक्स्पोजर मिळतं: ७० केव्ही आणि १० एमएएसच्या जागी साधारण ८० आणि ५. पण कॉन्ट्रास्ट घटतो. का, ते समजून घ्या. फोटोइलेक्ट्रिक शोषण अणुक्रमांकाच्या घनाने वाढतं आणि ऊर्जेच्या घनाने घटतं. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, ऑक्सिजनचा ८. घन केलेत तर ८००० आणि ५१२. हाड पांढरं आणि मांस करडं का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि केव्ही वाढवल्यावर तो फरक का पुसट होतो तेही. छातीत मात्र तो पुसटपणाच हवा असतो, नाहीतर बरगड्यांच्या पांढऱ्या रेषांखाली फुप्फुस झाकलं जातं. म्हणून तिथे शंभराच्या वरचा केव्ही.

हील इफेक्ट मी पाठ केला होता आणि विसरले होते. मांडीचा एक्स-रे काढताना खुब्याची जाड बाजू अ‍ॅनोडखाली आली आणि ती फिकी पडली, तेव्हापासून विसरले नाही. अ‍ॅनोडच्या बाजूला किरण कमी, म्हणून जाड भाग कॅथोडकडे, म्हणजे ट्यूबच्या दुसऱ्या टोकाकडे. तुमच्या खोलीतल्या ट्यूबवर कॅथोड कुठल्या बाजूला आहे ते आजच बघून या.

आधी सांगा, मग पाहा

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सवय ही. बटण दाबल्यावर चित्र पडद्यावर यायच्या आत, मनात किंवा पुटपुटत सांगायचं की ते कसं येणार. "थोडं फिरलेलं येईल, डाव्या बाजूला. श्वास पूर्ण घेतलेला नाही, मागच्या नऊच बरगड्या दिसतील." मग पाहायचं. अंदाज बरोबर आला तर प्रश्न उरतो: माहीत होतं तर बटण का दाबलं? चुकला तर तुम्हाला काय दिसलं नव्हतं ते कळतं. पहिले काही आठवडे माझा अंदाज म्हणजे नाणेफेकच होती. हळूहळू डोळा चित्रावरून उठून पेशंटवर जायला लागला, आणि रिपीट कमी झाले ते त्यामुळे.

मानेचा लॅटरल असेल तर मोजायचं: सात मणके आणि सातव्याखालचा छातीच्या पहिल्या मणक्याशी असलेला सांधा. तो दिसला नाही तर चित्र कितीही देखणं असलं तरी काम झालेलं नाही, खांदे खाली आणायचे किंवा स्विमर्स व्ह्यू (एक हात वर, एक खाली) घ्यायचा. गुडघ्याच्या लॅटरलला २० ते ३० अंश वाकवायचं आणि ट्यूब ५ ते ७ अंश डोक्याकडे कलवायची, कारण आतली बाजू खाली लोंबते आणि दोन्ही टोकं एकमेकांवर बसवायची असतात. हे आकडे असेच पाठ केलेत तर परीक्षेनंतर उडून जातील. कारणासकट ठेवलेत तर वाकू न शकणाऱ्या गुडघ्यासमोरही तुम्हाला मार्ग सुचेल.

आणि वाकू न शकणारे गुडघे फार भेटतात. पुस्तकातला पेशंट तरणाताठा, हसतमुख आणि काहीच दुखत नसलेला असतो. खऱ्या टेबलावर खुबा मोडलेली आजी असते. तिचा पाय वळवायचा नाही, ट्यूब वळवायची. आडव्या किरणाने लॅटरल घ्यायचा. नाव विचारताना "तुम्हीच ना अमुक?" असं विचारू नका, घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. "नाव काय तुमचं?" विचारा, जन्मतारीख विचारा, कागदाशी ताडा. "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हटल्यावर पडद्याकडे नाही, त्यांच्या पोटाकडे बघा. आणि हो, "सोडा" म्हणायचं विसरू नका. एक काका माझ्या सूचनेची वाट बघत लाल होईपर्यंत थांबले होते. त्यांनी तक्रार केली नाही, पण जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

उजवा-डावा मार्कर एक्स्पोजरच्या आधी प्लेटवर ठेवा. नंतर संगणकावर अक्षर चिकटवता येतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. दुसऱ्या वर्षी मी हाताच्या चित्रावर नंतर "आर" चिकटवला, हात डावा होता. पाठवायच्या आत सिनिअरने पकडलं. तेव्हापासून मार्कर खिशात.

डोसबद्दल लोकांशी बोलता आलं पाहिजे

पेशंट विचारतातच: "याने कॅन्सर तर होणार नाही ना?" "काही नाही हो" हे उत्तर नव्हे. छातीच्या एका पीएचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगभरच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे छातीचा एक्स-रे हे तीनेक दिवसांचं नैसर्गिक किरणोत्सर्जन. पोटाच्या सीटीचा हिशेब वेगळा, तो साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या घरात, म्हणजे काही वर्षांचा. ही तुलना दोन वाक्यांत करता येईल इतकी घोटून ठेवा. आपल्यासाठीची, म्हणजे किरणांजवळ काम करणाऱ्यांची, मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीत पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ५० च्या आत; भारतात एका वर्षासाठी ३० च्या आत. डोळ्याच्या भिंगासाठीही त्या शिफारशीत आता २० आणि ५० हेच आकडे. मी शिकत होते तेव्हाच्या नोट्समध्ये भिंगाचा आकडा १५० होता.

जुन्या नोट्सची गोष्ट निघालीच आहे तर, जननेंद्रियांवर शिशाचं कवच ठेवायचं हे आम्हाला धर्मवाक्यासारखं शिकवलं होतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की नेहमीच्या तपासण्यांत ही सवय बंद करावी. कवच सरकलं तर बघायचं तेच झाकतं, ऑटोमॅटिक एक्स्पोजरच्या चेंबरवर, म्हणजे किरण मोजणाऱ्या सेन्सरवर, आलं तर यंत्र उलट डोस वाढवतं, आणि शरीराच्या आत विखुरणाऱ्या किरणांना ते अडवूच शकत नाही. तुमच्या विभागाचा लेखी नियम काय आहे तो वाचा आणि तोच पाळा, पण सिनिअरकडून मिळालेल्या झेरॉक्सवर सन बघायची सवय लावा.

सीटी आणि एमआरआय पुढच्या वर्षांत येतात, त्यांच्याबद्दल थोडंच सांगते. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास. एकच स्लाइस फुप्फुसाच्या, मऊ भागाच्या आणि हाडाच्या विंडोत (करड्या छटांच्या निवडलेल्या पट्ट्यात) पाठोपाठ बघत बसा, अर्धा तास. विंडो म्हणजे काय ते व्याख्येपेक्षा तसं लवकर कळतं. एमआरआयच्या चित्रावर आधी मेंदूभोवतीचं पाणी शोधा: काळं असेल तर टी वन प्रकारचं चित्र, पांढरं असेल तर बहुधा टी टू. भौतिकशास्त्र नंतर येऊ दे. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून: यंत्र स्कॅन करत नसलं तरी चुंबक चालूच असतं. रात्रीही. खिशातली कात्री, केसांतली पिन, ऑक्सिजनचा सिलिंडर, सगळं दाराबाहेर. घाईत कुणी हाक मारली तरी खिसे तपासल्याशिवाय आत जायचं नाही.

परीक्षेसाठी वेगळं काही केलं नाही, फक्त वहीतल्या नोंदी मोठ्याने बोलत राहिले. प्रॅक्टिकलला परीक्षक "मग काय कराल?" असंच विचारतात, आणि ज्याने तीच चूक करून झालेली असते त्याची जीभ अडखळत नाही. सिनिअरला काही विचारायचं तर पेशंट बाहेर गेल्यावर, आणि आधी स्वतःचं उत्तर सांगून. "सर, हे असं का आलं?" यावर तुटक उत्तर मिळतं. "सर, मला वाटतं पाय बाहेर वळला होता, बरोबर का?" यावर सर खुर्ची ओढून बसतात.

माझी सध्याची वही तिसरी आहे. शेवटची नोंद गेल्या मंगळवारची: "घोटा, मॉर्टिस (सांध्याची फट उघडी दाखवणारा व्ह्यू). बाहेरची फट बंद आली. १५-२० अंश आत वळवायचं होतं. पाऊल वळलं, पाय वळलाच नाही."